डोंगरातलं विणकाम पुन्हा उभं करायचंय : माग द्यावेत की आणखी काही?

घाटवाटा यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

आमचा भटक्यांचा एक गट आहे. दरवर्षी हिमालयात जातो आणि गेली काही वर्षं उत्तराखंडातल्या मुनस्यारी आणि वरच्या जोहार खोऱ्यात जाणं होतं. तिथल्या गावांमध्ये शौका समाजातल्या बायका लोकरीचं विणकाम करतात. थुलमा म्हणजे जाड केसाळ पांघरूण, दन म्हणजे गाठी मारून केलेला गालिचा, आणि पंखी म्हणजे हलकी शाल. "करतात" असं लिहिलं खरं, पण पन्नाशीच्या पुढच्या बायकाच करतात. आम्ही ज्या घरात उतरतो तिथे माग सुटा करून गोठ्याच्या माळ्यावर ठेवलाय. लाकूड उत्तम आहे, फणीचे दातही शाबूत आहेत. आजी म्हणाल्या, सुनेला विणता येतं, पण ती विणत नाही. का विणत नाही, हे विचारलं तर हसून विषय बदलला.

यंदा गटातल्या सगळ्यांनी मिळून थोडा निधी जमवायचं ठरवलंय. डोक्यात असं आहे: दहाएक नवे रुंद माग घ्यायचे, गावात एखादी खोली भाड्याने घेऊन विणकाम केंद्र काढायचं, मुलींना सहा महिन्यांचं प्रशिक्षण द्यायचं, आणि माल इकडे आणून विकायचा. नैसर्गिक रंगच वापरायचे असंही काहींचं मत आहे.

हे सगळं मनापासून करायचंय. एकदा फोटो काढून विसरून जायचं, असं नको आहे. या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेलं कुणी इथे असेल तर कृपया सांगा, पैसा नेमका कुठे लावावा? नवे माग घेणं हीच पहिली पायरी आहे ना?

धोटा

घाटवाटा, तुम्ही आधी विचारताय याचा फार आनंद झाला. मी वस्त्रविद्या शिकले आणि बरीच वर्षं कुमाऊंच्या, म्हणजे मुनस्यारी ज्या भागात येतं त्याच्या, वरच्या पट्ट्यात लोकरीच्या विणकरांबरोबर काम करते आहे. थोडं मोठं लिहिते.

माग घेऊ नका. निदान आत्ता तरी नको. तुम्हीच लिहिलंय की माग माळ्यावर आहे, फणी शाबूत आहे आणि सुनेला विणता येतं. म्हणजे मागही आहे, हातही आहे, तरी काम बंद आहे. याचा अर्थ अडलंय ते मागाच्या अलीकडे आणि पलीकडे. अलीकडे सूत, पलीकडे पैसे. त्या सुनेला आधी हे विचारा, की सूत कुठून येतं आणि शेवटची पंखी विकली गेली तेव्हा हातात किती पडले, आणि कधी पडले.

सुताची गोष्ट जरा मागे जाऊन सांगते. जोहारचे शौका व्यापारी उन्हाळ्यात मिलम गावावरून उंटाधुरा खिंड ओलांडून तिबेटात जायचे. जाताना धान्य आणि गूळ, येताना मीठ, टाकणखार आणि लोकर. ओझी शेळ्या-मेंढ्यांच्या पाठीवर. पुरुष व्यापारात आणि बायका घरी कातणार, विणणार, अशी ती सगळी घडी होती. १९६२च्या युद्धानंतर सीमा बंद झाली आणि एका हंगामात ही घडी मोडली. विणकाम मोडलं असं आपण म्हणतो, पण मोडला होता तो लोकरीचा पुरवठा. पुढे १९९२मध्ये धारचुल्याच्या बाजूला लिपुलेख खिंडीवरून थोडा व्यापार पुन्हा सुरू झाला, पण जुन्या प्रमाणात लोकर कधीच आली नाही. त्यात कळप कमी होत गेले. मुलं शाळेत, मग नोकरीत. सहा महिने बुग्यालात, म्हणजे उंचावरच्या कुरणात, मेंढ्यांमागे फिरायला माणूस राहिला नाही.

आता जी स्थानिक लोकर उरली आहे तिचं काय होतं ते बघा. मेंढपाळ कातरतो, आणि पुष्कळदा ती मिळेल त्या भावाला जाते किंवा तशीच पडून राहते. कारण सूतगिरणीला एकसारखी, लांब तंतूची, भरपूर लोकर लागते. आपल्या पहाडी मेंढीच्या लोकरीत मऊ तंतूंबरोबर राठ केस असतात, रंग मिसळलेले असतात, आणि एका गावातून येते ती पोत्या-दोन पोत्यांनी. तेवढ्यासाठी गिरणी यंत्र लावत नाही. मग विणणारी बाजारातून मेरिनोचं (मऊ लोकरीच्या परदेशी मेंढीचं) किंवा ॲक्रिलिकचं सूत विकत आणते. हिमाचलातल्या कुल्लूच्या शालींमध्येही आज मोठा वाटा बाहेरून आलेल्या मेरिनो लोकरीचा आहे. मेरिनो वाईट नाही, गळ्याला टोचत नाही. पण मग गावातली मेंढी आणि गावातला माग यांचा एकमेकांशी संबंध उरत नाही.

आणि हाताने कातायचं म्हटलं तर वेळ. लोकर निवडायची, धुवायची, काटेकुटे काढायचे, पिंजायची, पेळू करायचे आणि मग टकळीवर कातायची. एक माग रोज चालता ठेवायचा तर त्यामागे चार-पाच जणी कातणाऱ्या लागतात. यातलं सगळ्यात जीवघेणं काम पिंजण्याचं. तारेच्या दातांच्या दोन फळ्यांमध्ये मूठ-मूठ लोकर घेऊन ओढायची. खांदे भरून येतात आणि नाकातोंडात तंतू जातात. बायका विणकाम सोडतात ते माग कठीण वाटतो म्हणून नव्हे, पिंजण नकोसं होतं म्हणून. मी हे स्वतः अनेकींच्या तोंडून ऐकलंय.

म्हणून माझं पहिलं उत्तर: खोऱ्यात एक छोटं पिंजण यंत्र. विजेवर चालणारं, दिवसाला काही किलो लोकर पिंजेल एवढंच. ते केंद्रात कुलपात ठेवायचं नाही. पिठाच्या गिरणीवर दळण नेतात तशी बायकांनी आपली लोकर न्यावी आणि पेळू घेऊन घरी यावं. कातणं मग टकळीवर, किंवा कुमाऊंमध्येच वापरात आलेल्या बागेश्वरी चरख्यावर. कुणी म्हणेल, यंत्र आलं की परंपरा गेली. मला ते पटत नाही. स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या बेटांवरचं हॅरिस ट्वीड हे लोकरी कापड बघा. त्याला १९९३च्या ब्रिटिश कायद्याचं संरक्षण आहे. कायद्याची अट अशी की कापड बेटावरच्या विणकराने आपल्या घरी, हातानेच विणलेलं असलं पाहिजे. पिंजण आणि कताई मात्र बेटांवरच्या गिरण्यांमध्ये होते. काय हाताने ठेवायचं आणि काय यंत्राला द्यायचं, याची रेघ त्यांनी विचार करून ओढली. ती रेघ इथल्या बायकांनाच ओढू द्या.

आता तुमच्या "रुंद मागां"बद्दल. या घरांची दारं बुटकी आणि खोल्या लहान असतात. थंडीत जिथे चूल तिथेच सगळे. साठ इंची उभ्या चौकटीचा माग त्या खोलीत मावत नाही. जुना माग अरुंद असतो, पट्टी विणतात आणि दोन पट्ट्या मधोमध शिवतात. हा कुणाच्या अज्ञानाचा भाग नाही, घराच्या मापातून आलेला शहाणपणा आहे. शिवाय दोरी ओढून धोटा फेकायचा झटका माग गिरणीच्या गुळगुळीत सुतावर छान पळतो. हातकताईच्या केसाळ, एकपदरी लोकरीचा ताणा (उभे धागे) त्यावर घातलात तर धागे एकमेकांना चिकटतात, फणीत घासतात आणि तटातट तुटतात. खळ जास्त द्यावी लागते, वेग कमी करावा लागतो. म्हणजे ज्या वेगासाठी तो माग आणला तोच हातातून जातो. काही गावांत असे देणगीतले माग मी पाहिलेत. त्यांवर कपडे वाळत होते.

आणि केंद्राची वेळ दहा ते पाच ठेवणार असाल तर मे-जूनमध्ये खोली रिकामी दिसेल. त्या दिवसांत अर्धं गाव वर, बर्फाच्या कडेला कीडाजडी (औषधी म्हणून महाग विकली जाणारी बुरशी) शोधायला गेलेलं असतं. घरं वर्षभर त्या पैशावर चालतात. त्यानंतर शेती, गवत कापणी, जनावरं. विणकाम हे हिवाळ्याचं काम आहे, घरात बसून, मध्ये उठून चुलीकडे बघत करायचं. त्याला हजेरीपट लावला की ते मोडतं.

नैसर्गिक रंगांचं उत्तर वेगळं देते, त्यात एक काळजीचा मुद्दा आहे.

निळीशाई

धोटाताईंचं सगळं वाचलं, माहितीबद्दल आभार. पण मला एक मूळ प्रश्न विचारायचाय, आणि तो कुणाला दुखवायला विचारत नाही.

मी विणकरांच्या घरातली आहे. आजोबा खड्डामागावर, म्हणजे खड्ड्यात पाय सोडून चालवायच्या मागावर, बसायचे. साठीत त्यांचे गुडघे गेले, डोळे त्याच्याही आधी गेले. आमच्या वडिलांनी मागाला हात लावला नाही, आणि आम्हा बहिणींना शाळेत घालून शिकवलं. आज आम्ही नोकऱ्या करतो. माझ्या आजीला तुम्ही विचारलं असतंत की नातीने मागावर बसावं का, तर तिने तुम्हाला दारातून परत पाठवलं असतं.

ती मुनस्यारीची सून विणत नाही, यात वाईट काय आहे? तिची मुलगी परिचारिका होईल, शिक्षिका होईल, बँकेत जाईल. २०१९-२०च्या हातमाग गणनेत देशात पस्तीस लाखांहून जास्त हातमाग कामगार मोजले गेले, विणकरांमध्ये सत्तर टक्क्यांहून जास्त स्त्रिया, आणि जवळपास दोन तृतीयांश विणकर कुटुंबांचं उत्पन्न महिना पाच हजारांच्या आत. या आकड्यांकडे बघून मी कुणाच्याही लेकीला "परंपरा सांभाळ" असं सांगू शकत नाही. आपण शहरात ऊबदार शाल पांघरून ज्याला वारसा म्हणतो तो कुणाच्या तरी पाठीच्या कण्यावर उभा असतो.

घाटवाटा, तुमचा हेतू चांगलाच आहे. पण ते पैसे तिथल्या मुलींच्या वसतिगृहाला दिले तर जास्त उपयोग होणार नाही का?

धोटा

निळीशाई, तुम्ही लिहिलंत ते मला अगदी आतून पटतं. कुणाही मुलीला मागावर बसवायचं नाही. हे वाक्य प्रत्येक पुनरुज्जीवनाच्या प्रकल्पाच्या पहिल्या पानावर असायला हवं.

पण त्या गणनेतल्या उत्पन्नाच्या आकड्याकडे मी वेगळ्या बाजूने बघते. पाच हजारांच्या आत, हा विणकामाचा गुणधर्म नाही. तो भाव कुणी ठरवला याचा परिणाम आहे. साधी शाल विणायला एक-दोन दिवस लागतात. कुल्लूची किंवा किन्नौरची भरगच्च नक्षीची शाल महिनाभर किंवा त्याहूनही जास्त दिवस मागावर असते. भाव मात्र दोन्ही शालींचा नगावर ठरतो, तासांवर नाही. नगाचा भाव देताना कातणं, ताणा लावणं, वहीतून (धागे वर-खाली करणाऱ्या मागाच्या भागातून) आणि फणीतून शेकडो धागे एकेक करून ओवणं, विणल्यावर धुणं, हे धरलंच जात नाही. ते बाईच्या घरकामात जमा. म्हणून मी एकच कसोटी लावते: कातण्यापासून शेवटच्या धुण्यापर्यंतचे सगळे तास लिहून काढा, मजुरीला त्यांनी भागा, आणि आठ तासांच्या दिवसाचे किती होतात ते बघा. जे येईल ते रोजगार हमीच्या रोजापेक्षा कमी असेल, तर तो प्रकल्प बंद करा आणि पैसे खुशाल वसतिगृहाला द्या. मी स्वतः हाच सल्ला देईन.

जिथे हे जमलंय तिथे काय होतं, हेही सांगायला हवं. कुल्लू खोऱ्यात पूर्वी साधे, एकरंगी पट्टू (अंगावर गुंडाळायचं लोकरी वस्त्र) विणले जायचे. नक्षी तिथे आली ती बुशहर-रामपूरकडच्या विणकरांबरोबर. म्हणजे ज्याला आज आपण कुल्लूची पुरातन शाल म्हणतो ती फार जुनी नाही, ती लोकांनी बाजार बघून घडवली. तिथली भुट्टी विणकर सहकारी संस्था, जिला भुट्टिको म्हणतात, १९४४मध्ये बारा विणकरांनी सुरू केली. पुढे १९५६पासून वेदराम ठाकूर यांनी ती नव्याने बांधली. मालक विणकर, सूत घाऊक भावाने संस्थेकडून, विक्री संस्थेच्या दुकानांतून. भाव ठरवताना टेबलाच्या एका बाजूला विणणारी माणसं बसलेली होती, हा खरा फरक.

दुसरं उदाहरण दूरचं आहे, पण मला ते फार शिकवून गेलं. पेरूमधल्या कुस्को भागात, अँडीज पर्वतात, चिंचेरो गावच्या निल्दा कायान्यौपा अल्वारेस यांनी इतर विणकरांबरोबर १९९६मध्ये पारंपरिक वस्त्रांचं केंद्र उभं केलं. तिथेही तरुण मुलींना गावचे कपडे घालायची लाज वाटू लागली होती आणि जुन्या नक्ष्या म्हाताऱ्यांबरोबर जात होत्या. त्यांनी एकाच ठिकाणी कारखाना काढला नाही. दहा वेगवेगळ्या गावांचे गट, प्रत्येक गावाची आपली नक्षी, आणि मुलांचे स्वतंत्र विणकाम गट. मुलं शाळेत जातात आणि कमरेला बांधायचा मागही शिकतात. शाळा सोडून माग नाही. सगळीच मुलं पुढे विणकर व्हावीत, अशी अपेक्षाही नाही.

तुमच्या आजीला नातीची नोकरी हवी होती, बरोबरच होतं. पण मुनस्यारीत नोकरी करायची म्हणजे बहुतेक वेळा हल्द्वानीला किंवा दिल्लीला खोली घेऊन राहणं. पहाडातली गावं अशीच रिकामी झाली. ज्या बाईला गावात राहायचंय, तिला हिवाळ्यातले चार महिने स्वतःच्या घरात, स्वतःच्या वेळेने, रोजगार हमीपेक्षा बरा पैसा मिळत असेल, तर तो पर्याय तिच्यासमोर असावा एवढंच माझं म्हणणं. गुडघ्यांचं म्हणाल तर खड्ड्याची खोली, बैठकीला पाठ आणि खिडकीचा उजेड या तीन गोष्टी बदलल्या तर पुष्कळ त्रास वाचतो. माग विकत घेण्याऐवजी पैसे इथे लावा. माळ्यावरचा माग खाली उतरवा, सुताराकडून बैठक नीट करून घ्या, वर एक-दोन काचेची कौलं बसवा.

गल्लासांभाळ

मी लोकरी आणि हातमागाचा माल विकते, म्हणून विक्रीच्या बाजूने दोन गोष्टी.

पहिली, नकली माल. पहाडी शालीच्या नावाने यंत्रमागावरचा, ॲक्रिलिकचा माल पर्यटकांच्या बाजारात ढिगाने येतो, आणि हातमागाच्या शालीला त्याच्याशी भावात स्पर्धा करावी लागते. कायदा आपल्या बाजूने आहे. १९८५च्या हातमाग आरक्षण कायद्याखाली जी अकरा प्रकारच्या कापडांची यादी आहे तिच्यात शाल, लोई, मफलर, पंखी आणि कांबळीही येतात. त्यात नमूद केलेल्या स्वरूपाचा माल यंत्रमागावर काढता येत नाही. भौगोलिक मानांकनही आहे. कुल्लू शाल, किन्नौरी शाल यांना आहेच, उत्तराखंडच्या भोटिया (शौका याच समाजातले) दन आणि थुलम्याला २०२१मध्ये मिळालं. लडाखच्या पश्मिन्याला २०२३मध्ये. पण गिऱ्हाईक मानांकन बघून घेत नाही. त्याला हातात धरून दाखवावं लागतं.

मी दुकानात शाल उलटी करून दाखवते. हाताने भरलेल्या नक्षीत रंगीत धागा त्या फुलाच्या कडेपर्यंत जातो आणि तिथूनच मागे वळतो. यंत्रावरच्या नक्षीत तोच धागा पाठीमागून आडवा पळत जातो किंवा कातरलेला दिसतो. मग झालरीतला एक धागा काढून काडी लावते. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. ॲक्रिलिक वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. हे एकदा दाखवलं की गिऱ्हाईक भावाबद्दल घासाघीस करत नाही, हा माझा अनुभव.

दुसरी गोष्ट. पहाडी लोकर टोचते. ती गळ्याशी घ्यायची शाल म्हणून विकू नका, गिऱ्हाईक परत येणार नाही. तिचं आसन करा, पांघरूण करा, जाड जाकिटाचं कापड करा, खांद्याची पिशवी करा. राठ लोकर झिजत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. तो जिथे लागतो तिथे ती विका.

घाटवाटा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल गटाची बैठक झाली, तिथे हा चर्चेचा धागा मोठ्याने वाचला. रुंद माग आणि केंद्र दोन्ही बाजूला ठेवलं आहे. निळीशाई, तुमच्या प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ चर्चा झाली, आणि तासांची कसोटी लावायचीच असं ठरलंय.

धोटाताई, दोन गोष्टी सांगाल का? नैसर्गिक रंगांबद्दल तुम्ही काळजीचा मुद्दा म्हणालात तो कोणता? आणि येत्या हिवाळ्याआधी आम्ही नेमकं काय करावं? पिंजण यंत्राला वेळ लागेल, जागा आणि वीज बघावी लागेल. तोवर हात बांधून बसायचं नाहीये.

धोटा

रंगांचं आधी. अक्रोडाच्या फळाची हिरवी साल ही त्या भागातली सगळ्यात सोपी आणि भरवशाची गोष्ट. फळ उतरवलं की साल फेकूनच देतात. ती पाण्यात उकळली की लोकरीला मातकट ते गडद तपकिरी रंग चढतो, तुरटीही लागत नाही. झेंडूचा पिवळा तुरटीवर छान बसतो. काळजी आहे ती मुळांची. डोलूच्या मुळाचा पिवळा आणि मजिठीचा (मंजिष्ठेचा) लाल हे जुने रंग आहेत, पण मुळं खणली की झाड संपतं. डोलू वरच्या बुग्यालात वाढतं, आणि तिथे ते सावकाश वाढतं. घरच्या दोन पांघरुणांपुरतं कुणी खणत होतं तोवर ठीक होतं. शहरातून "फक्त नैसर्गिक रंग" अशी पन्नास नगांची मागणी आली तर उतार खणून निघतील. म्हणून मजिठी लावून, वाढवून वापरता आली तर वापरा, डोलूला हात नको. आणि सगळ्यात सुंदर गोष्ट म्हणजे रंगच न देणं. पहाडी मेंढी पांढरी, करडी, तपकिरी, काळी अशी सगळ्या रंगांची असते. लोकर रंगानुसार वेगळी निवडली की चार-पाच छटा फुकट मिळतात, आणि त्या कधी उतरत नाहीत.

हिवाळ्याआधीचं सांगते. कळप शरदात खाली उतरतात आणि लोकर कातरली जाते, तेव्हा तिथे जा. मेंढपाळाकडून लोकर थेट घ्या आणि जागेवर पैसे द्या. खांद्यावरची आणि बाजूची लोकर वेगळी, पोटाखालची आणि पायांची वेगळी ठेवायला सांगा. त्याबद्दल थोडा जास्त भाव द्या. हा भाव मिळतो हे कळलं की पुढच्या वर्षी न सांगता निवडून ठेवतात.

मग मागणी द्या, प्रशिक्षण नको. ज्यांना आज विणता येतं अशा पाच-सहा जणींना, सासू-सुना जोडीने असतील तर फारच उत्तम. आसनं आणि पांघरुणंच मागा, गल्लासांभाळ यांनी लिहिलंय ते अगदी खरं आहे. माप सांगताना धुतल्यानंतरचं सांगा. विणून झाल्यावर कापड गरम पाण्यात रिठ्याच्या फेसात घालून पायांनी तुडवतात. त्यात तंतू एकमेकांत अडकून कापड घट्ट होतं आणि लांबी-रुंदी दोन्हीकडे चांगलंच आखडतं. मागावरचं माप आणि हातात येणारं माप यांत किती फरक पडेल, हे त्या आजींना बरोबर ठाऊक असतं, त्यांना ठरवू द्या. आणि नक्षी तुम्ही देऊ नका. त्यांच्याकडे घरोघरी जुनी दनं आहेत, ती बाहेर काढून अंगणात पसरायला सांगा. सुना त्या वेळी आजूबाजूला असतील असं बघा. कुठली नक्षी कुणाच्या माहेरची, यावर बोलणं सुरू झालं की तुम्ही नुसतं ऐका.

निम्मी रक्कम आगाऊ, निम्मी कापड धुऊन वाळल्यावर. विक्री झाल्यावर नाही. विकलं जाईल की नाही हा धोका तुमचा, तो विणणारीच्या अंगावर टाकायचा नाही. मे महिन्यात लोक वर जायच्या आधी हिशेब पूर्ण करा.

एक नोंदवही प्रत्येकीला द्या. आज किती वेळ कातलं, किती वेळ विणलं. लिहिता येत नसेल तर घरातली शाळकरी मुलगी लिहील. हिवाळा संपल्यावर त्या वहीवरून पुढच्या वर्षीचा भाव त्याच ठरवतील, तुम्ही समोर बसायचं.

घाटवाटा

ऑक्टोबरमध्ये आमच्यातले तिघे लोकर घ्यायला जातायत. आगाऊ रक्कम बचत गटाच्या खात्यात टाकावी की प्रत्येकीच्या?

धोटा

प्रत्येकीच्या स्वतःच्या खात्यात. नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खात्यावर द्या असं कुणी सांगितलं तरी नाही. खातं नसेल तर उघडून द्या, लोकर त्यानंतर. जाताना मला व्यक्तिगत संदेश करा, पिंजायच्या फळ्यांचे दात बदलून घ्यायचे असतील तर कुठल्या जाडीची तार लागते ते लिहून देते.